ठेच ज्याची त्याने खावी

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपल्या शिक्षणव्यवहाराने जरा जास्तच मनावर घेतली आहे. कादंबरी वाचण्याआधी तिचे कथानक वाचावे, कवितेला भिडण्याआधी तिचे रसग्रहण पाठ करावे, नाटक पाहण्याआधी त्यातील 'संघर्षाचे स्वरूप' पाच मुद्द्यांत उतरवून घ्यावे, ही आपली रीत आहे. गाईड हा त्या रीतीचा छापील अवतार. या सवयीविरुद्ध आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण ते सारे साहित्याच्या अंगणात राहून. मला आज एक उदाहरण अंगणाबाहेरून आणायचे आहे. ते एका संगणकीय खेळाचे आहे, आणि त्यात महाकाय यंत्रमानव आहेत. एवढ्यावरच ज्यांना हा लेख मिटावासा वाटेल, त्यांच्याशीही माझे भांडण आहेच. त्याकडे पुढे येतो.

खेळाचे नाव 'इन्टू द ब्रीच'. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांच्या 'सबसेट गेम्स'ने तो २०१८ च्या फेब्रुवारीत प्रकाशित केला. त्याआधी २०१२ साली 'एफटीएल' या अंतराळयानाच्या खेळामुळे ही जोडी प्रसिद्ध झाली होती. हा खेळ सुरू करू इच्छिणारे आजचे विद्यार्थी पहिली गोष्ट कोणती करतात? ते शोधतात : सर्वांत चांगली तुकडी कोणती, सर्वांत चांगला वैमानिक कोण, कोणत्या बेटापासून आरंभ करावा, कोणते शस्त्र आधी विकत घ्यावे. म्हणजे खेळाचेही गाईडच. माझे म्हणणे असे की, या जातीच्या खेळाचा आरंभ गाईडने करणे म्हणजे तो न खेळणे होय. आणि हे का, हे नीट समजून घेतले तर वाचन शिकवणाऱ्या माणसाला आपल्या धंद्याविषयीही काही उमगेल.

प्रथम वंशावळ पाहू. या प्रकाराला 'रोगलाइक' म्हणतात. मराठी कानाला हे नाव दचकवते. पण येथला 'रोग' म्हणजे व्याधी नव्हे, तर भामटा. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावरची अक्षरे आणि चिन्हे हेच सारे विश्व : खेळाडू म्हणजे एक चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजीची मोठी अक्षरे, भिंती म्हणजे रेघा. त्या काळी 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्दांतून खेळायचा खेळ लोकप्रिय होता, पण तो एकदा सुटला की संपत असे, कारण त्याची गुहा दर वेळी तीच. 'रोग'च्या कर्त्यांना स्वतःच्याच खेळाने स्वतः चकित व्हायचे होते. म्हणून त्यांनी दर खेपेस नवे भुयार संगणकाकडूनच रचून घेतले. त्यात सापडणाऱ्या औषधांचे रंगही दर खेपेस बदलत. काल ज्या रंगाच्या कुपीने प्राण वाचवले, तीच आज विष ठरू शके. आणि मरण आले की ते कायमचे. जपून ठेवलेल्या जागी परत जाण्याची सोय नाही.

या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. नवे भुयार, बदलते रंग, न टळणारे मरण. दुसऱ्याच्या उत्तरावर विसंबणे निरुपयोगी ठरावे, अशीच ही रचना आहे. पुढच्याने निळ्या कुपीची ठेच खाल्ली म्हणून मागचा शहाणा होत नाही, कारण मागच्याची निळी कुपी वेगळी आहे. त्याला शहाणे व्हायचे असेल तर कुपी कशी ओळखावी हे शिकावे लागते. कोणती कुपी चांगली हे पाठ करून भागत नाही. पद्धत शिकणे आणि उत्तर मिळवणे यांतला हा फरक आम्ही शिक्षक व्याख्यानांत वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि प्रश्नपत्रिका काढताना वर्षानुवर्षे विसरत आलो.

येथे एक शुद्धतावादी आक्षेप येईल. २००८ साली बर्लिनमध्ये या प्रकारच्या खेळांच्या रचनाकारांची परिषद भरली आणि तीत 'रोगलाइक' कोणाला म्हणावे याची लक्षणे निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. यादृच्छिक रचना, कायमचे मरण, पाळीपाळीने चाल, चौकटींचा पट, साधनसामग्रीचा हिशेब ही त्यांतील काही. 'इन्टू द ब्रीच'मध्ये यांतली बरीच आहेत, पण अज्ञात प्रदेशाचा शोध हे महत्त्वाचे लक्षण त्यात नाही. सगळा पट पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे हा अस्सल 'रोगलाइक' नव्हेच, असे काही जण म्हणतात. साहित्यप्रकारांच्या व्याख्यांवर ज्यांनी आयुष्ये घालवली त्या आपल्यासारख्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. दीर्घकथा की लघुकादंबरी यावर रणे माजवून कुठल्याही कथेचे भले झालेले नाही. लक्षणांची यादी वर्णनासाठी असते. तिचा उंबरठा केला की ती नव्या कृतीला बाहेर ठेवण्याचे हत्यार होते. प्रश्न असा विचारावा की, जुन्या प्रकाराच्या गाभ्याचे या नव्या कृतीने काय केले? माझे उत्तर : 'रोग'ने अज्ञाताची भीती दिली होती, 'इन्टू द ब्रीच'ने ज्ञाताची भीती दिली. हा त्या प्रकाराचा पुढचा टप्पा आहे.

ज्ञाताची भीती म्हणजे काय? दूरच्या भविष्यकाळातील पृथ्वी. समुद्र चढले आहेत, उरलेल्या बेटांवर चार कंपन्यांचा कारभार आहे, आणि जमिनीखालून 'व्हेक' नावाचे प्रचंड कीटक उगवत आहेत. आठ गुणिले आठ चौकटींचा पट. तुमच्याकडे तीन यंत्रमानव, प्रत्येकात एक चालक. बहुतेक लढाया जेमतेम चार-पाच पाळ्यांच्या. प्रत्येक पाळीत कीटक आधी आपला नेम धरतात : हा या इमारतीवर, तो त्या यंत्रमानवावर, तिसरा पलीकडच्या वसाहतीवर. कोण कोणाला किती इजा करणार आणि कोणत्या क्रमाने, हे सारे स्पष्ट दाखवले जाते. मग तुमची चाल. मग तो लिहून ठेवलेला हल्ला घडतो. काहीही लपवलेले नाही. जवळजवळ काहीही दैवावर सोपवलेले नाही. एखादी इमारत घाव सोसून उभी राहण्याची शक्यता तेवढी आरंभी १५ टक्के ठेवलेली असते. तरीही माणूस हरतो. कारण सर्व दिसणे आणि सर्व वाचता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

साहित्याच्या शिक्षकाला हे नवे वाटू नये. कवितेतही काही लपवलेले नसते. सगळे शब्द कागदावर असतात. तरी विद्यार्थी म्हणतो, 'कळली नाही.' मग आम्ही त्याला अर्थ सांगून मोकळे होतो. वास्तविक त्याला अन्वय लावायला शिकवायला हवे.

हा खेळ अन्वयाचा आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. 'फायरफ्लाय' नावाचा कीटक सरळ रेषेत मारा करतो. समजा, त्याने पूर्वेच्या इमारतीवर नेम धरला आहे. नवखा खेळाडू विचार करतो : याला ठार कसे करू? बहुधा एका पाळीत ते जमत नाही. कीटकाचे बळ तीन, तुमच्या तोफेची इजा एक. पण त्या तोफेच्या गोळ्याने कीटक एक घर मागे सरकतो. त्याच्या माऱ्याची दिशा तीच राहते, जागा मात्र बदलते. आणि एक घर बाजूला सरकलेला तोच मारा आता इमारतीऐवजी दुसऱ्या कीटकाला लागतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर शत्रूच्या वाक्यातील कर्ता आणि क्रियापद तुम्हाला बदलता येत नाही, पण शब्दांची जागा हलवून कर्म बदलता येते. ज्या क्षणी हे उमगते, त्या क्षणी खेळ सुरू होतो. त्याआधीचे सारे बटणे दाबणे.

मग प्रश्न असा की, नवख्याला काहीच सांगू नये काय? सांगावे. व्याकरण सांगावे, अर्थ सांगू नये. पहिल्या तुकडीत तीन यंत्रमानव मिळतात : एक मुष्टियोद्धा, एक तोफेचा, एक दुरून मारा करणारा; तिघेही ढकलतात, आणि ढकलणे हेच या भाषेतील मूळ क्रियापद आहे. ढकललेला कीटक इमारतीवर आदळला तर दोघांनाही इजा होते. पाण्यात ढकललेला, न उडणारा सामान्य कीटक बुडतो. तुमचा यंत्रमानव बुडत नाही, पण पाण्यात उभा राहून त्याला शस्त्र चालवता येत नाही. जमिनीतून कीटक जेथून वर येणार ती जागा आधी दिसते; तेथे कोणी उभे राहिले तर वाट अडते, पण उभे राहणाऱ्याला इजा होते. प्रत्येक लढाईत एकदाच पूर्ण पाळी मागे घेता येते. दोन बेटे वाचवली की अंतिम लढाईकडे जाता येते. चारही वाचवलीच पाहिजेत असे नाही. एवढे पुरे. यांतले बरेच खेळ स्वतःच सांगतो. याच्या पुढे 'अमुक तुकडी उत्तम' असे जो सांगतो तो नवख्याची पाळी स्वतः खेळतो.

आता यंत्रमानवांविषयी. 'रोबो' या शब्दाचा उगम आपण विसरू नये. कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० च्या 'आर.यू.आर.' या नाटकाने तो जगाला दिला. शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. आणि त्याच्या मुळाशी असलेल्या झेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. पुढे जपानने या वेठबिगाराला पर्वताएवढा केला. मित्सुतेरु योकोयामाच्या १९५६ च्या 'तेत्सुजिन २८-गो'मध्ये एक मुलगा दुरून यंत्र चालवतो; गो नागाईच्या १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये चालक यंत्राच्या आत बसतो; १९७९ च्या 'गंडम'मध्ये ते यंत्र युद्धातील एक सामान्य, मोडणारे, दुरुस्त होणारे साधन बनते. आमच्या पिढीला 'जायंट रोबो' दूरदर्शनमुळे ठाऊक झाला. या सर्व परंपरेत महाकाय देहाचे एक आश्वासन आहे : मोठा आहे म्हणून तो वाचवील.

'इन्टू द ब्रीच' हे आश्वासन मोडतो. त्यातला यंत्रमानव इमारतीहून मोठा, पण पटावर एका चौकटीचा. त्याचे बळ दोन किंवा तीन. आणि तो पुन्हा वेठीलाच लागला आहे. कारण हरण्याची अट त्याच्या मरणाशी जोडलेलीच नाही. ती इमारतींशी, म्हणजे माणसांच्या वस्तीला आणि यंत्रांना ऊर्जा देणाऱ्या जाळ्याशी जोडली आहे. हे जाळे आरंभी पाच घटकांचे असते. ते शून्यावर आले की सारे संपले. नवखा आपला यंत्रमानव जपतो आणि वस्ती गमावतो. जाणता आपला यंत्रमानव माऱ्याच्या वाटेत आडवा उभा करतो. यंत्रमानव लढाईनंतर दुरुस्त होतो. त्यातला चालक मेला तर तो मात्र परत येत नाही. अनेक पाळ्यांत सर्वांना वाचवणारी चाल सापडत नाही. मग दगडापेक्षा वीट मऊ, या न्यायाने निवड करावी लागते : कोणाला लागू द्यायचे? हा प्रश्न संगणकाने विचारला म्हणून हलका होत नाही.

यावर माझे काही समव्यवसायी म्हणतील, हा पोरखेळ आहे. विज्ञानकथा, त्यात यंत्रमानव, त्यातही संगणकाचा खेळ. आमच्या विद्यार्थ्यांना नामवंत ग्रंथ वाचायला वेळ नाही आणि तुम्ही हे काय मांडले आहे! या युक्तिवादाचा इतिहास बरा नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, कारण ती स्वतःच्या गुणांवर तोलली जावी अशी त्यांची इच्छा होती. ती पहिली आली. तेच नारळीकर २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत मराठी विभागांनी विज्ञानकथेला किती तास दिले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या वेळापत्रकावरून करावा. नाव झाकून कृती तपासण्याची तयारी नसेल तर 'अभिरुची' हा शब्द आपण वापरू नये.

पण मला दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींचेही पटत नाही. खेळ म्हणजे आजची कादंबरी, असे ते म्हणतात. 'इन्टू द ब्रीच'ची कथा कादंबरी म्हणून वाचली तर सामान्य आहे. चार बेटांचे चार प्रमुख हे ठसे आहेत, व्यक्ती नव्हेत. चालकांची वाक्ये तुटक आणि पुन्हापुन्हा येणारी. खेळाचा अर्थ त्याच्या संवादांत शोधणे म्हणजे नाटकाचा अर्थ जाहिरातीत शोधण्यासारखे आहे. तो अर्थ नियमांत आहे. एस्पेन आर्सेथ याने १९९७ च्या 'सायबरटेक्स्ट'मध्ये ज्या संहितांचा मार्ग वाचकाला कष्टाने काढावा लागतो त्यांचा विचार मांडला. त्यातला 'कष्ट' हा शब्द मला मोलाचा वाटतो. खेळाला साहित्याची उसनी वस्त्रे चढवण्याची गरज नाही. वाचन म्हणजे कष्ट, हे तो आपल्याला पुन्हा दाखवतो, इतके पुष्कळ झाले.

आणि या कष्टांचे मर्म पराभवात आहे. ऊर्जेचे जाळे तुटले की ती 'कालरेषा' हरते. जिवंत उरलेल्या चालकांपैकी एकाला तुम्ही दुसऱ्या कालरेषेत पाठवू शकता. तो आपला अनुभव घेऊन तेथे नव्याने आरंभ करतो. बाकीचे जग मागे राहते, कीटकांच्या हवाली. आपल्या म्हणीचे हे विलक्षण रूपांतर आहे. येथे ठेच खाणारा आणि शहाणा होणारा एकच आहे. पुढचा आणि मागचा असे दोन नाहीत. शहाणपण हस्तांतरित होते ते केवळ ज्याने ठेच खाल्ली त्याच्याबरोबर.

खेळात आणखी एक सोय आहे, आणि माझ्या मते तीच खरी परीक्षा. पराभव झालेला नसतानाही चालू कालरेषा सोडून देता येते. एक इमारत पडली, एक चालक मेला, मनाजोगते शस्त्र मिळाले नाही, की नवखा सोडून देतो आणि निष्कलंक आरंभ शोधतो. गाईड वाचून आलेला तर हमखास सोडतो, कारण त्याच्या हातातील आदर्श वाटेशी प्रत्यक्ष जुळत नाही. मग तो कधीच शिकत नाही की दोन घटकांवर आलेले जाळे घेऊन, एक चालक गमावून, अपुऱ्या शस्त्रांनी कसे टिकावे; आणि शिकण्यासारखे तेवढेच असते. वर्गातही हेच चित्र आहे. उत्तर चुकेल या भयाने वाक्यच न लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. चूक म्हणजे शेवट, असे त्याला आपण शिकवलेले असते.

गाईडच्या बाजूने एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ज्याच्या घरात पुस्तके नव्हती, ज्याला विचारायला कोणी नव्हते, त्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला गाईड हाच हात धरणारा असतो. त्याला 'स्वतः ठेच खा' असे सांगणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? आक्षेपातील वेदना खरी आहे, निष्कर्ष खोटा. या विद्यार्थ्याला आधाराची गरज आहे, यात वाद नाही. पण गाईड त्याला आधार देत नाही. ते त्याच्या वतीने चालते आणि त्याचे पाय तसेच राहतात. ज्याच्या घरी पुस्तके आहेत तो गाईडशिवायही वाचायला शिकतोच. गाईडवर आयुष्य काढावे लागते ते दुसऱ्याला. म्हणजे विषमता कमी करण्याच्या नावाखाली आपण ती पक्की करतो. आधार कसा असावा हे या खेळात दिसते : सोपी पातळी निवडण्याची मुभा आहे आणि तीत लाज नाही, एक पाळी मागे घेता येते, हल्ल्यांचा क्रम विचारला की दाखवला जातो. चूक करणे परवडेल इतके स्वस्त करून दिले आहे, पण चूक करण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही. आमच्या किती वर्गांत एक तरी पाळी मागे घेता येते?

म्हणून, कोणा विद्यार्थ्याने विचारले की हा खेळ कसा सुरू करावा, तर माझे उत्तर असे : ढकलण्याचे व्याकरण समजून घ्या, सोपी पातळी घ्या, आणि पहिली कालरेषा हरेपर्यंत सोडू नका. हरल्यावर कोणती पाळी चुकली हे स्वतःशी सांगा, मोठ्याने सांगा. त्यानंतर हवे तर इतरांनी काय लिहिले आहे ते वाचा. तेव्हा ते गाईड राहणार नाही, समीक्षा होईल. समीक्षेचे स्थान वाचनानंतरचे आहे, हे वाक्य आमच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत सापडेल. ते प्रश्नपत्रिकेत कधी उतरणार, याचे उत्तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आपणच द्यायचे आहे.